विजोड जोडीची गोष्ट कशी रचावी: आधी नाच, मग माणसं

नव्याने लिहू लागलेलं कुणी भेटलं आणि "नाचणाऱ्या जोडीवर गोष्ट लिहायची आहे" म्हणालं, की पुढचं मला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. ती पणजीची, तो सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरचा. ती फाडफाड इंग्रजी बोलणारी, तो खनिजाचा ट्रक चालवणारा. स्पर्धेसाठी दोघांना एकत्र नाचावं लागतं. आधी भांडतात, मग जुळतं, मग बक्षीस. यात चूक काहीच नाही, फक्त यात नाच कुठेच नाही. नाच काढून नाटकाची तालीम घाला, पतसंस्थेतली नोकरी घाला, गोष्ट जशीच्या तशी चालेल.

माझी पहिली गोष्टही याच वळणाची होती. दोन मैत्रिणी आणि चवथीची फुगडी. फोंड्याच्या घरी मावशीला मोठ्या हौसेने वाचून दाखवली. ती मध्येच म्हणाली, "ह्या तुझ्या बायका फुगडी घालतात की बाजाराला निघाल्या आहेत?" मी लिहिलं होतं, 'दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले.' फुगडीत हात कसे धरतात हे मी रांगत असल्यापासून बघत आलो होतो, पण ते कागदावर उतरलं नव्हतं. खाली जी पद्धत सांगतोय ती त्या टोमण्यातून सुरू झाली.

पहिली पायरी: नाच ठरवा

माणसांची नावं, वयं, नोकऱ्या सगळं बाजूला ठेवा. आधी नाच ठरवा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: तुला जोडीदाराकडून काय लागतं? गोव्यात याची उत्तरं इतकी वेगवेगळी मिळतात की दुसरीकडे जायलाच नको.

फुगडीला लागतं वजन. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, हातांची फुली. पायांचे चवडे एकमेकींच्या जवळ, अंग मागे टाकलेलं. दोघींपैकी कुणीही स्वतःच्या पायांवर उभी नसते. प्रत्येकीला समोरचीने तोलून धरलेलं असतं. वजनात फरक असला की हलकी मोठ्या घेरात भिरभिरते आणि जड जवळजवळ जागच्या जागी फिरते. आणि एकीने हात सोडला तर दोघीही पडतात, सोडणारीसुद्धा. हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

गोफाला लागते आठवण. शिगम्यातला, म्हणजे इथल्या होळीतला, हा नाच काणकोण, सांगे, केपे भागात बघायला मिळतो. वर एका ठिकाणी बांधलेले दोर, खाली प्रत्येकाच्या हातात एकेक टोक. नाचत नाचत एकमेकांच्या आतून-बाहेरून जायचं, की वर वेणी विणली जाते. मग उलट्या क्रमाने जाऊन तीच वेणी सोडवायची. विणताना कुणाचं पाऊल चुकलं तर तेव्हा फारसं जाणवत नाही. सोडवताना दोर अडकतो तेव्हा कळतं, आणि तोवर चूक कुणाची हे सांगता येत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा घोळ आज उलगडायचा असेल अशा गोष्टीला याहून चांगला नाच मला तरी माहीत नाही.

मांडोला लागतं अंतर. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या बड्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत तो रंगला. पुरुषांची एक ओळ, बायकांची एक, समोरासमोर. बायकांच्या हातात पंखे. साथीला व्हायोलिन आणि घुमट, म्हणजे तोंडाला कातडं चढवलेलं मातीचं वाद्य. लय संथ, स्पर्श नाही. जे काय बोलायचं ते डोळ्यांनी आणि पंख्याने. इथली विजोड जोडी म्हणजे अंतर न पाळता येणारा आणि अंतराखेरीज काही न येणारी.

वॉल्ट्झ या पाश्चात्त्य जोडीनाचाची गंमत वेगळीच, विशेषतः आपल्याकडे भजनात वाढलेल्या माणसाला त्यात उभं केलं तर. त्याच्यासाठी थोडं थांबतो.

समजा, फोंडा तालुक्यातला पखवाज वाजवणारा एक मुलगा मडगावला मित्राच्या लग्नाच्या पार्टीला गेलाय. वराचा धाकटा भाऊ तारवटी, बोटीवरून सुट्टीच मिळाली नाही. नवरा-नवरीनंतर करवलीबरोबर त्याने नाचायचं होतं, ती जागा आता या मुलाच्या गळ्यात पडते. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. मुलगा मनात म्हणतो, हात्तिच्या, हा तर अर्धा दादरा! दोन वॉल्ट्झ म्हणजे सहा मात्रा, सम, म्हणजे जोराची मात्रा, पहिलीवर; खाली, म्हणजे बिनजोराची, चौथीवर. हिशेब बरोबर आहे. तीन पावलं असल्यामुळे पहिली मात्रा एकदा उजव्या पायावर येते, पुढच्या वेळी डाव्यावर, म्हणजे सहा मात्रांनी पाऊल घरी परत येतं. पण घात इथेच होतो. करवलीला प्रत्येक 'एक' सारखाच वजनदार हवा असतो. या मुलाच्या अंगात मात्र दर दुसरा 'एक' म्हणजे खाली, तिथे हात उचलायचा, वजन काढून घ्यायचं. त्यामुळे तिला तो एक फेरी नीट आणि एक फेरी लंगडा वाटतो. दोघंही तालात आहेत. दोघांनाही वाटतंय की समोरचा बेताल आहे. आता सांगा, श्रीमंत-गरीब कशाला हवं?

सगळे नाच मात्र या कामाचे नाहीत. घोडेमोडणीत ज्याचा घोडा त्याच्या कमरेला. समईनृत्यात डोक्यावरची समई ज्याची त्यानेच सांभाळायची. त्यांच्या गोष्टी वेगळ्या, जोडीच्या नव्हेत.

दुसरी पायरी: विजोडपण अंगात शोधा

इथून पुढे एकच उदाहरण पायरी-पायरीने वाढवतो. फुगडी घेऊ.

आता माणसं आणा, पण स्वभावासकट नको. 'एक तापट, दुसरी शांत' हे वाक्य सगळ्यात शेवटी लिहा, किंवा लिहूच नका. आधी उंची, वजन, गुडघे, धाप, तळव्याला सुटणारा घाम, डावखुरेपणा. मोठी जाऊ शांता, पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, उजवा गुडघा दुखरा. धाकटी रेश्मा, वास्कोला फ्लॅटमध्ये राहणारी, सडपातळ, रोज सकाळी झुंबा करणारी. सहज वाटेल की फुगडीत रेश्मा भारी पडेल. तसं होत नाही. शांताने चाळीस वर्षं फुगडी घातली आहे. मागे झुकायला ती घाबरत नाही. रेश्माचे पाय चपळ आहेत, पण तिला आयुष्यात कुणावर भार टाकायची सवय नाही. ती सरळ उभी राहूनच फिरायला बघते. फुगडीत सरळ उभं राहणारी जोडीदारीण म्हणजे समोरचीच्या खांद्याला हिसका.

बघा, स्वभाव आपोआप आला. 'रेश्मा स्वावलंबी होती' असं लिहावं लागलं नाही.

तिसरी पायरी: जोडी मोडता का येत नाही, हे पक्कं करा

नव्या लेखकांच्या गोष्टी सगळ्यात जास्त इथे गळतात. दोघांचं जमत नाही तर जोडीदार बदला की! 'बाईंनी जोड्या लावून दिल्या' हे कारण शाळेच्या स्नेहसंमेलनापुरतं ठीक आहे. मोठ्या माणसांच्या गोष्टीत कारण असं हवं की वाचकाने स्वतः पळवाट शोधावी आणि त्याला ती सापडू नये.

एक कारण घरातून आणू. त्या घराची रीत अशी ठेवा: गणपतीसमोर पहिली फुगडी घरच्या सुनांनी घालायची, मग लेकी, मग शेजारणी. सुना पूर्वी चार होत्या. एक वारली, एक मुलाकडे परदेशात. उरल्या या दोघी.

दुसरं कारण कायद्यातून, आणि ते गोव्यातच सापडेल. पोर्तुगिजांच्या १८६७च्या नागरी संहितेचा वारसा आपल्या कौटुंबिक कायद्यात अजून चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि घर-जमीन विकायची तर दोघांचीही सही लागते. म्हणजे भावा-भावांच्या भांडणात आपल्याकडची जाऊ नुसती स्वयंपाकघरातली प्रेक्षक नसते, तिचा हात कागदावर लागतो. वडिलोपार्जित घराचा काही भाग विकायचं ठरलंय, बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात, शांताची राहिली आहे. रेश्माच्या पर्समध्ये तो कागद घडी घालून ठेवलेला.

जो हात सही करत नाही, तोच हात फुलीत धरायचा आहे. हे सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या, खरं सांगतो. पण हे वाक्य गोष्टीत लिहू नका. वाचकाला दिसतं. तुम्ही बोट दाखवलंत की ते विझतं.

चौथी पायरी: घड्याळ लावा

गोव्यात गणपती दीड दिवसाचा, पाचाचा, सातचा, नवाचा, अकराचाही असतो. आपण दीड दिवसाचा घेऊ. चतुर्थीला सकाळी पूजा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. एवढ्या वेळात सगळं घडलं पाहिजे. नंतर गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरणार, घराला कुलूप लागणार, रेश्मा वास्कोला परतणार.

काळ जुना हवा असेल तर १९८६-८७कडे बघा. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेती पुन्हा फेरीबोटीवर आली. त्याच वर्षअखेरीस भाषेचं आंदोलन पेटलं, ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा संमत झाला, ३० मे १९८७ला घटक राज्य झालं. नदीच्या दोन काठांवर राहणारे दोघं, एक मराठीवाला, एक कोंकणीवाला, सरावाला यायचं तर फेरीबोट, आणि शेवटची बोट चुकली तर रात्र काठावर. अकरा महिन्यांत एवढं सगळं आयतं मिळतंय. फक्त इतिहासाचा धडा लिहायला बसू नका; बोट चुकली एवढं पुरे.

पाचवी पायरी: जाऊन बघा

आठवणीवर भिस्त ठेवायची नाही. मी ठेवली आणि मावशीने बाजार दाखवला. चवथीत कुणाच्याही घरी जा, भिंतीला टेकून खाली बसा, म्हणजे पाय दिसतील. उभं राहून बघणाऱ्याला चेहरे दिसतात, आणि चेहऱ्यांचं वर्णन सगळेच करतात.

मला बघताना सापडलेल्या गोष्टी: सुरू करण्याआधी बायका पदर खोचतात, काही जणी काचेच्या बांगड्या वर सारतात. गुळगुळीत फरशीवर जुन्या फुगडीवाल्या कुरकुरतात, कारण शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय जसा धरतो तसा तिथे धरत नाही. वेग आला की गाणं, उखाणा सगळं सुटतं, कारण श्वास पुरत नाही. उरतो तो फक्त तोंडाने टाकलेला 'फू'. म्हणजे जोरात फिरताना बोलता येत नाही. दोन न बोलणाऱ्या जावांसाठी हे किती सोयीचं आहे बघा. फिरताना गप्प असण्याचं कुणी कारण विचारत नाही.

शिगम्याची गोष्ट असेल तर मिरवणुकीपेक्षा तालमीला जा. पणजी-फोंड्याच्या मिरवणुकीत चित्ररथ, रोमटामेळ, ढोल-ताशांचा दणका. डोळे दिपतात आणि वहीत काही उतरत नाही. तालमीत माणसं चुकतात. घुमटावर कातडं कसलं आहे तेही विचारा. पूर्वी घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं चढवतात. जुना वाजवणारा आवाजातल्या फरकावर तासभर बोलेल, बोलू द्या. त्यातली एक ओळ तुमच्या पात्राच्या तोंडी जाईल.

सहावी पायरी: मधला भाग, म्हणजे तीन फुगड्या

मध्ये काय लिहायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं उत्तर ठोकळेबाज आहे, पण चालतं: नाच तीनदा होऊ द्या आणि दर वेळी अडचण वेगळी असू द्या. तीच अडचण हळूहळू कमी होत गेली तर ती गोष्ट राहत नाही, तक्ता होतो.

पहिली फुगडी चतुर्थीच्या दुपारी, आरतीनंतर. रेश्मा सरळ उभी, शांताच्या खांद्याला हिसका, दोन फेऱ्यांत थांबतात. पोरं हसतात. भांडण नाही, कुणी काही बोलत नाही. शांता पातोळ्यांच्या कामाला निघून जाते.

दुसरी फुगडी रात्री, कुणी नसताना. इथे रेश्मानेच म्हणावं, "वयनी, एकदा परत बघूया?" शांताने लगेच होकार देऊ नये. ती म्हणेल, "आधी पायांतलं ते काढ." रेश्मा मोजे काढते. या वेळी ती मागे झुकते. आणि आता शांताचा गुडघा दगा देतो. म्हणजे शिकणारी तयार झाली आणि शिकवणारीच कच्ची निघाली. हा पालट फार महत्त्वाचा. दोघींपैकी एकच सतत सुधारत राहिली तर दुसरी नुसती भिंत होते.

पर्समधला कागद या रात्री बाहेर यावा का? मी दोन्ही करून पाहिलं. बाहेर काढला की संवाद वकिलासारखे होतात. न काढता पर्स त्याच खोलीत खुंटीवर लटकत ठेवली आणि शांताची नजर एकदा तिकडे गेली, एवढं ठेवलं तेव्हा प्रसंग उभा राहिला.

तिसरी फुगडी विसर्जनाआधी. तिचं शेवटाला.

बोलीबद्दल थोडं

गोव्यातला मराठी लेखक इथे हमखास अडखळतो. घरात कोंकणी, कागदावर मराठी. शांता-रेश्मा एकमेकींशी पुस्तकी मराठीत बोलल्या तर फोंड्याच्या वाचकाला हसू येईल. सगळंच कोंकणीत लिहिलं तर पुण्याचा वाचक पान उलटेल. मी निवेदन मराठीत ठेवतो, संवादही बहुतेक मराठीत, आणि जिथे माणूस विचार न करता बोलतो तिथे कोंकणी येऊ देतो. फिरताना रेश्माच्या तोंडून "हात सोडूं नाका!" निघालं तर त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. नातीही ऐकूनच लिहा. धाकटी मोठीला नावाने हाक मारणार नाही, आणि मोठी धाकटीला 'अहो' म्हणणार नाही.

सातवी पायरी: शेवट नाचाकडून घ्या

बक्षीस नको. मिठी नको. शांता सही करते किंवा कागद फाडते, यातलंही काही नको, निदान पहिल्या खर्ड्यात तरी. अडलात की पहिल्या पायरीवर परत जा आणि बघा, नाच संपतो कसा.

फुगडी हात सोडून संपत नाही. वेग उतरवत आणावी लागते आणि त्यासाठी दोघींचं एकमत लागतं. एक थांबू बघतेय आणि दुसरी ओढतेय असं झालं की हिसका बसतो. बहुतेक वेळा एक जण "पुरे" म्हणते आणि ती हरली असं मुलं ओरडतात. इथे प्रश्न तयार झाला: पुरे कोण म्हणणार? गुडघा दुखतोय शांताचा. कागद आहे रेश्माकडे.

आणि फुगडी थांबल्यावर काय होतं? भोवळ. पाय थांबतात, घर फिरत राहतं. त्या वेळी हात लगेच सोडले तर माणूस धडपडतो. म्हणून दोघी तशाच हात धरून उभ्या राहतात, माटोळीतली तोरिंगं आणि नारळ डोक्यावर गरगरताहेत, बाहेर मूर्ती उचलायची घाई सुरू झाली आहे. हात धरलेले आहेत ते पडू नये म्हणून. मी तिथेच थांबलो असतो.

तुमचा शेवट वेगळा निघेल. वॉल्ट्झवाल्या मुलाचा शेवट कदाचित असा, की करवलीलाच त्याची खाली ऐकू यायला लागते आणि ती दर दुसऱ्या फेरीला हलकं पाऊल टाकते. बाकीचा हॉल मात्र आता दोघांनाही बेताल म्हणतोय.

खाडाखोड

पहिला खर्डा झाला की निदान आठवडाभर तोंड बघू नका. मग लाल पेन घ्या. 'नजरानजर झाली', 'क्षणभर काळ थांबला', 'पावलं आपोआप थिरकू लागली' ही वाक्यं दिसतील तिथे छाटा. 'थिरकणे' हा शब्द तर मी पाच वर्षांपासून वापरलेला नाही आणि माझं काही अडलेलं नाही. त्यानंतर प्रत्येक नाचाच्या प्रसंगात हे तपासा: कुणाचा कुठला हात कुठे आहे, वजन कुणाच्या कुठल्या पायावर आहे, जमीन कसली आहे. तीनपैकी दोन तरी वाचकाला कळली पाहिजेत. शेवटी नाच येणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. साहित्य कळणारा नको, नाच येणारा.

सुरुवात आजच करायची असेल तर घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा. हातांची फुली, चवडे जवळ, आणि फिरू नका, नुसते मागे झुका. समोरचा माणूस कधी घाबरतो, बोटं कुठे आवळतो, कुठे सैल सोडतो, तुम्हाला कुठे दुखतं, याच्या दहा ओळी लगेच लिहा. गुडघे कुरकुरत असतील तर घरातल्या दोघांना उभं करा आणि तुम्ही खाली बसून त्यांचे पाय बघा.